अण्णा, दोन बंदुका मिटायच्या राहिल्या

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, रविवार. चिंचवडचा घाट, सकाळचे साडेनऊ.

हजर: तुमचा मुलगा नामदेव, तुमचे दोघे पुतणे, गावातले आठ-दहा जण. कारखान्याचे मालक. हजेरीवरचे सतरा: मी, पंधरा वर्षं तुमच्या शेजारच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीपाशी बसलेला किसन, पिंपरीच्या निर्वासितांच्या कँपातून चालत आलेला लीलाराम टर्नर आणि बाकीचे चौदा. गैरहजर: गावी गेलेले दोघे, तापाने पडलेला एक. आपली हजेरी एकवीसची. सतरा आणि तीन वीस. एकविसावे तुम्ही. मस्टरवर तुमचं नाव अजून आहे, पहिल्याच ओळीत. ते काढायचं म्हणजे खालची वीस नावं एकेक घर वर सरकवावी लागतील. ते काम मी या महिन्यात करणार नाही.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. आम्ही पुरते मागेही सरकलो नव्हतो. नामदेवाने अजून हात जोडले नव्हते. पिंपळावरून उतरला, चोच मारली, उडून गेला. सगळ्यांना बरं वाटलं. मालक म्हणाले, "अण्णा समाधानाने गेले. मागे काही राहिलं नाही." मी मान हलवली.

मला मात्र बरं वाटलं नाही. मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. कावळा शिवायला वेळ लागला, की माणसं एकेक करून पुढे होतात, हात जोडून काहीतरी कबूल करतात: पोराला सांभाळू, विहिरीचं काम पुरं करू. मीही पुढे होणार होतो. मालक शेजारी उभे असताना मोठ्याने म्हणणार होतो. तुम्ही मला तेवढा वेळच दिला नाहीत. आयुष्यभर एकेका बंदुकीला अख्खा दिवस लावणारा माणूस, आणि आजच कसली घाई होती?

क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पहिल्या दिवसापासून तुम्ही मला 'यादीराव' म्हणत आलात. चारचौघांत 'सायब', आणि दोघंच असलो की 'यादीराव'. मी खडकीच्या सरकारी भांडारातून आलो होतो. लढाईच्या काळात तिथे हजारो सुटे भाग येत आणि जात, आणि कुठलाही भाग कुठल्याही जोडीदाराला बसे, कारण प्रत्येक भाग गेजमधून काढलेला असे. गेज म्हणजे मापाचा पक्का साचा: भाग त्यात बसला तर पास, नाही तर बाद. माणसाचं मत विचारायचं कारणच नाही. तिथून मी इथे कामाची आखणी बघायला आलो, आणि पहिल्याच सकाळी पाहिलं, की एक माणूस रॉकेलच्या चिमणीवर नळीचं मागचं तोंड धरून काळं करतोय.

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "काजळ घालतोय."

नळीच्या तोंडाला काजळी. मग ती नळी मागच्या लोखंडी सांगाड्यात बसवून बंदूक मिटायची, परत उघडायची, आणि सांगाड्यावर काजळी कुठे उमटली ते पाहायचं. उमटली तिथे टेकतंय, म्हणून तिथे कानशीचा एक हात. परत काजळी, परत मिटायची. तीस वेळा, चाळीस वेळा. शेवटी सगळीकडे सारखी काजळी उमटली, की बंदूक कानापाशी नेऊन एकदा मिटायची आणि आवाज ऐकायचा. मग तुम्ही एकच शब्द बोलायचात: "मिटली."

मी पहिल्या आठवड्यात तक्त्यात लिहिलं होतं, 'बंद होण्याची तपासणी'. तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही कानस खाली ठेवलीत.

"बंद व्हतं ते दार. धाडकन लावलं तरी बंदच. डोळा बंद व्हतो का? डोळा मिटतो. पापनीला पापनी लागती अन् मदी वारा ऱ्हात न्हाई. बंदूक मिटली पायजे, यादीराव. जी नुसती बंद व्हती, ती एक दिस मानसाच्या तोंडावर उघडती."

मी तक्ता बदलला. नऊ वर्षांत तुमच्या सांगण्यावरून मी बदललेला तो एकमेव तक्ता.

बाकी सगळ्यावर आपण भांडलो. आपल्या मालकांच्या आजोबांनी पुण्याच्या लष्कर भागात साहेबांच्या बंदुका दुरुस्त करायला सुरुवात केली. वडिलांनी संस्थानिकांसाठी दुनळी बंदुका केल्या, चांदीची वेल काढलेल्या, मखमलीच्या पेटीत बसणाऱ्या. मग चिंचवडला ही मोठी शेड झाली आणि पाठोपाठ संस्थानंच गेली. सात वर्षं झाली त्याला. चांदीची वेल काढणारे दोघे कारागीर सराफाकडे कामाला लागले. आता बंदूक हवी होती ती शेतकऱ्याला: साधी, एकनळी, डुकरं हाकलायला. संस्थानिक वर्षात सहा घेत आणि दोन वर्षं वाट पाहत. शेतकऱ्याला पेरणीआधी हवी असते.

मी मोठ्या कागदावर सगळ्या शेडचं काम मांडलं. लीलारामच्या लेथवरून दिवसाला चार नळ्या निघतात. बंदुकीचे लाकडी दस्ते करणारे सुतार दिवसाला तीन देतात. आणि सगळं येऊन थांबतं ते तुमच्या टेबलापाशी. आठवड्याला चार बंदुका, फार तर पाच. कागदावर तिथे मी लाल पेन्सिलीने गोल केला होता.

तुम्ही गोल बघितलात. "ह्ये काय?"

"हे तुम्ही. इथे माल तुंबतो."

"नदी बी बंधाऱ्यापाशीच तुंबती," तुम्ही म्हणालात. "म्हून तर गावाला पानी मिळतं."

किसन इतका हसला, की त्याच्या हातातली कानस पडली. मीही हसलो. पण तो गोल मी पुसला नाही.

या वर्षी चाकणच्या बाजूच्या शेतकरी संघाची मागणी आली. चोवीस बंदुका, दिवाळीपूर्वी. संघाचे चिटणीस, ते धिप्पाड पाटील, स्वतः शेडमध्ये आले होते. म्हणाले, "आमच्या कांद्याला डुकरं तोंड लावत न्हाईत, पर भुईमूग एका रातीत साफ. चोवीस वेळेत द्या, मग तालुक्याची मागनी तुमचीच." मालकांनी त्या दिवशी मला आत बोलावून सांगितलं, की हे जमलं तर बंदुका चालू ठेवू. नाही जमलं तर एका ऑइल इंजिनच्या कारखान्याचं सुट्या भागांचं काम समोर आलंय, सगळी शेड त्याला देऊ. त्या कामात लेथ लागणार होते. कानशीची माणसं लागणार नव्हती. तुम्ही, किसन आणि तुमच्या टेबलावरचे चौघे, एकूण सहा.

हे मी तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अर्धा तास आधी येऊ लागलात.

आता खंडेनवमीचं लिहितो. ते मी कुठेच लिहिलेलं नाही, कुठल्याच वहीत.

जुनी पद्धत अशी होती, की तुम्ही 'मिटली' म्हणालात, की त्याच घटकेला नळीवर आणि सांगाड्यावर एकच नंबर ठोकायचा. जोडी पक्की झाली. मी हिशेब केला: रोज एकेका बंदुकीसाठी ठसे काढा, नंबर लावा, परत ठेवा, यात वेळ जातो. चोवीस तयार झाल्या, की एका दिवसात सगळे नंबर ठोकू. तुम्ही नको म्हणालात. मी म्हटलं, "अण्णा, वेळ वाचतो." तुम्ही म्हणालात, "वाचून जातो कुटं?" पण ऐकलंत.

आणि अष्टमीला सगळी शेड झाडून-पुसून पूजेची मांडणी करताना मी सांगितलं, की या वर्षी बंदुका उघडून, तेल लावून, नीट मांडा. नळ्यांपाशी नळ्या, सांगाड्यांपाशी सांगाडे, दस्त्यांपाशी दस्ते. म्हणजे पूजाही होईल आणि मोजदादही. तुम्ही त्या दिवशी पुतणीच्या साखरपुड्याला गेला होतात. किसन एकदा म्हणाला, "सायब, अण्णांना इचारू का?" मी म्हटलं, "मांडायला काय विचारायचं?"

मांडणी सुरेख झाली होती. पांढऱ्या चादरीवर चोवीस नळ्या एका रेघेत, खाली चोवीस सांगाडे, झेंडूच्या माळा, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट. सकाळी मालकांनी पाहून म्हटलं, "वा, आपटे. प्रदर्शनात शोभेल."

मग तुम्ही आलात, हातात नारळ घेऊन. दारातच थांबलात. चादरीवरून नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. माझ्या जवळ येऊन हळूच विचारलंत, "यादीराव, ह्या कुनाच्या कोन?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. चोवीस जोडपी मी एकमेकांपासून वेगळी करून रांगेत उभी केली होती, आणि कुणाच्याही अंगावर नाव नव्हतं. पाच आठवड्यांचं तुमचं काम. दिवाळी तीन आठवड्यांवर.

आणि नवमी होती. पूजेला बसवलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. तो दिवस आणि दसरा, दोन दिवस. तुम्ही नारळ फोडलात, प्रसाद घेतलात आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसलात. संध्याकाळपर्यंत बसलात. कानशीवर झेंडूचं फूल होतं, ते वाऱ्याने सरकलं की सरळ करत होतात. मी चार वेळा तुमच्यासमोरून गेलो. मला वाटतं, तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात, तर आज हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

एकादशीला आपण सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, "जी हाताला यील ती नळी द्या. जो यील तो सांगाडा." मी दिली. काजळी लावलीत, मिटलीत, उघडलीत, बघितलीत. परत कानाला लावून मिटलीत.

"मिटली."

मला खरं वाटलं नाही. "परत बघा."

"मिटली म्हनलं ना."

दुसरी. मिटली. तिसरी नाही. चौथी, पाचवी मिटल्या. किसन उठून मागे येऊन उभा राहिला, लीलारामने लेथ थांबवला. मी खडूने भिंतीवर रेघा मारत होतो. दुपारपर्यंत चोवीसपैकी एकोणीस परक्या सांगाड्यात जाऊन मिटल्या होत्या. पाच राहिल्या. त्यांच्या नळ्या आलटूनपालटून पाहिल्या, तरी पाचच राहिल्या. जास्त घासलं गेलेलं लोखंड परत भरून नव्याने कानसायचं, म्हणजे त्यांना नव्या बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागणार होता.

त्या क्षणी आपण दोघंही जिंकलो होतो, अण्णा, आणि तीच अडचण झाली. मी म्हणालो, "बघितलंत? कुठलीही नळी कुठल्याही सांगाड्याला बसते. हेच मी नऊ वर्षं सांगतोय. यावरून गेज करू, मग कुणीही बसवेल."

तुम्ही म्हणालात, "बघितलं का? चोवीस येळा ह्यो हात चालला अन् एकोनीस येळा केसाचा फरक न्हाई. ह्येच मी सांगतुया."

"हात थकतो अण्णा. गेज थकत नाही."

"थकत न्हाई, व्हय. पर ऐकत बी न्हाई." तुम्ही रिकामी बंदूक माझ्या कानापाशी धरून मिटलीत. "आलं का ऐकू?"

मला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणालात, "त्येच. काई ऐकू न्हाई आलं, म्हंजी मिटली. ह्ये तुमच्या गेजला कसं सांगनार?"

हा वाद तिथेच थांबला, कारण मालक आले. त्यांनी भिंतीवरच्या रेघा पाहिल्या, टेबलावरच्या पाच नळ्या पाहिल्या आणि विचारलं, "हे काय? या जोड्या सुटल्या कशा?"

आणि मी म्हणालो, "मुद्दाम सोडल्या. परीक्षा घेत होतो, अदलाबदल होते का बघायला."

एक शब्द. 'मुद्दाम'. तो तोंडातून गेला आणि मी तुमच्याकडे बघितलं. किसन जमिनीकडे बघत होता. तुम्ही हाताची काजळी फडक्याला पुसलीत आणि म्हणालात, "व्हय. सायबांनी आदी इचारलं हुतं मला."

मालक खूश झाले. परीक्षेवर, आणि माझ्यावर. चाकणच्या पाटलांना कळवलं, की एकोणीस दिवाळीपूर्वी, पाच नंतर. पाटील येऊन एकोणीस बघून गेले. एक उघडून, मिटून म्हणाले, "लोनी हाय." मालकांनी त्याच आठवड्यात ठरवलं, की तालुक्याची मागणी घ्यायची, आणि ती गेजवर करायची. परीक्षेतच सिद्ध झालंय ना. बंदुका राहिल्या, पण तुमचं टेबल नाही. नव्या वर्षापासून तिथे तपासणीला एक माणूस, गेज घेऊन. बाकीच्यांना दुसरी कामं बघा, असं मला सांगितलं. तुमच्या टेबलावरच्या सहा जणांची माझी यादी मालकांच्या सहीने परत आली.

खरं सांगितलं असतं तर? तर मालकांना कळलं असतं, की ती परीक्षा नव्हती, माझी चूक होती. आणि त्या चुकीतून कारखाना वाचला तो फक्त तुमच्या हातामुळे. पाच आठवड्यांचं काम मी विस्कटलं, आणि ते बहुतेक पुन्हा जुळलं, कारण ते तुम्ही केलं होतं. गेजने ते जुळलं असतं की नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालंच नव्हतं. हा मुद्दा मालकांपुढे ठेवायला माझ्याकडे जवळजवळ दोन महिने होते. रोज सकाळी यादी केली. रोज ती ओळ वगळली.

तुम्ही कधी विषय काढला नाहीत. त्या पाचपैकी एकेक घेऊन बसलात. पहिली कार्तिकात मिटली, दुसरी, तिसरी. मी एकदा तुमच्या टेबलापाशी चहाचा कप घेऊन उभा राहिलो. बोलायलाच आलो होतो. तुम्ही चिमणीची वात सारखी करत म्हणालात, "चौथी लई हट्टी हाय. तुमच्यावानी."

मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी..."

"च्या पिवा. गार व्हतूया."

मी चहा प्यायलो. आज वाटतं, तुम्ही मला सोडवत होतात. मला सुटायचं नव्हतं, हे तुम्हाला कसं कळावं? माणसाला कधीकधी कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

दहा दिवसांपूर्वी तुम्ही आला नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच न कळवता. आठ वाजता किसनला म्हटलं, "सायकल काढ, बघून ये." तो अर्ध्या तासाने परतला, आणि सायकल भिंतीला न लावता तशीच हातात धरून उभा राहिला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि संपलं. मी घरी पोचलो तेव्हा तुम्हाला ओसरीत ठेवलं होतं. नखांच्या कडांत काजळी तशीच होती. डोळे मिटलेले. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "काल म्हनत हुते, दोन ऱ्हायल्यात म्हून."

दोन राहिल्यात, हे मला ठाऊक होतं. चौथी आणि पाचवी.

आज सकाळी घाटावर माझं वाक्य तयार होतं: "अण्णा, मी मालकांना खरं सांगेन." मालक चार हातांवर उभे होते. कावळा अडला असता, तर ते मला म्हणावंच लागलं असतं. तुम्ही पुन्हा तेच केलंत. पुन्हा म्हणालात, व्हय, सायबांनी आदी इचारलं हुतं. पुन्हा मला सोडवलंत.

घाटावरून मी सरळ शेडमध्ये आलो. रविवार, कुणी नव्हतं. तुमच्या टेबलाशी बसलो. स्टूल इतकं बुटकं आहे, हे मला माहीत नव्हतं. चौथी बंदूक व्हाइसजवळ होती, नळीच्या तोंडाला तुमची शेवटची काजळी. मी ती कानाला लावून मिटली. बारीकसं काहीतरी वाजलं, दाताला दात लागावा तसं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू आलं. सांगायला वळलो, आणि शेजारी कोणी नव्हतं.

मग किसन आला. त्यालाही घरी करमलं नसावं. त्याने ती माझ्या हातातून घेतली, मिटली, उघडली, काजळी बघितली. म्हणाला, "बंद व्हती, सायब."

"मिटत नाही ना?"

त्याने मान हलवली. नंतर विचारलं, "नव्या वर्षाला गेजवाला येनार. तवर ह्या दोन कराव्या का ठिवाव्या?"

मी म्हटलं, "कर. काजळी लाव."

तो चिमणी पेटवत असताना मालकांची गाडी दाराशी थांबली. आत येऊन त्यांनी तुमच्या टेबलाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "मोठा माणूस गेला. तुमची ती परीक्षा त्यांच्यामुळेच झाली म्हणा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "काही बोलायचं होतं का, आपटे? घाटावर तुम्ही पुढे होणार होतात असं वाटलं."

किसनने चिमणीवरून मान वर केली.

मी म्हणालो, "उद्या येतो, ऑफिसात."

हे सगळं कागदावर लिहिलं म्हणजे सांगितलं असं नाही. सांगायला समोर उभं राहावं लागतं, आणि मध्ये कुणी 'व्हय' म्हणणारं नसावं लागतं. उद्याची यादी केली आहे. इतर वेळी सतरा-अठरा ओळी असतात. उद्याच्या दोनच आहेत.

एक: बंदुका दोन, मिटवणे. किसनकडे.

दोन: मालकांची भेट, सकाळी नऊ. 'मुद्दाम नव्हतं', हे सांगणे. माझ्याकडे.

दोन्हींपुढे खूण करायची जागा कोरी आहे.